शेवटची दहा पावलं

'गुप्तधन' हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांसमोर काय उभं राहतं? अमावास्येची रात्र, पडका वाडा, लिंबू-कुंकू, काळी कोंबडी, कुठून तरी शोधून आणलेला पायाळू माणूस आणि हंड्यावर वेटोळं घालून बसलेला नाग! आजीच्या तोंडून अशा गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्यात. पण हे प्रकरण गोष्टीपुरतं राहत नाही, हेच तर दुखणं आहे. धन काढून देतो म्हणणारे भोंदू, त्यांच्या नादाला लागून विकलेले दागिने, राहत्या घरात खणलेले खड्डे... अशा बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. काही बातम्या तर वाचवतही नाहीत, कारण त्यात कुणाचा तरी जीव गेलेला असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी अनेक वर्षं झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये, त्यांच्या खुनानंतर झाला. गुप्तधन मिळवण्यासाठी केले जाणारे अघोरी प्रकार त्यात गुन्हा ठरले.

म्हणजे आपल्याकडे खजिना शोधणं म्हणजे चोरून शोधणं. कुणाला कळू द्यायचं नाही, कुणाला वाटा द्यायचा नाही, आणि मिळालं तर दडवून ठेवायचं. आज मला लिहायचंय ते अगदी उलट्या तऱ्हेच्या गुप्तधनाबद्दल. तिथं लपवणाऱ्याचीच इच्छा असते की ते कुणाला तरी सापडावं!

या छंदाचं नाव आहे 'जिओकॅशिंग'. यातलं 'कॅश' म्हणजे पैसे नव्हेत बरं का. लपवून ठेवलेला साठा या अर्थाचा हा मूळचा फ्रेंच शब्द आहे. मला त्याचा पत्ता लागला तो पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीमुळे. सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी ती म्हणाली, "मावशी, बूट घाल. खजिना शोधायला जाऊ." मला वाटलं, मुलीची थट्टा चाललीय. पण ती खरोखरच मला एका टेकडीवर घेऊन गेली. तिच्या मोबाइलवर एक नकाशा होता, त्यावर एक बाण होता आणि आपण किती मीटर लांब आहोत त्याचा आकडा. ऐंशी मीटर, पन्नास, वीस, पाच... आणि मग बाण गरगर फिरायला लागला. भाची म्हणाली, "आता मोबाइल खिशात. इथून पुढं आपले डोळे."

वीसेक मिनिटं आम्ही दगड न् दगड पाहिला. झाडाच्या बुंध्याशी, पायरीच्या खाली, कठड्याच्या फटीत. शेवटी दोन दगडांच्या बेचक्यात एक छोटा प्लॅस्टिकचा डबा हाताला लागला. आत काय असावं? एक किचेन, दोन गोट्या, एक बटण, परदेशातलं एक नाणं, पेन्सिलीचा तुकडा आणि एक चिमुकली वही. वहीत आमच्या आधी येऊन गेलेल्यांची नावं आणि तारखा. आम्हीही आमची नावं लिहिली, डबा होता तसाच, होता तिथंच ठेवला आणि खाली उतरलो. "एवढ्यासाठी?" मी विचारलं. "हो मावशी, एवढ्यासाठीच!" ती हसत म्हणाली.

घरी आल्यावर तिनं सगळा इतिहास सांगितला. आपण सगळे मोबाइलवर जो नकाशा बघतो, तो ज्या जीपीएसवर चालतो, ती मुळात अमेरिकन लष्कराची यंत्रणा. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपल्याला आपण कुठं आहोत ते सांगतात. सर्वसामान्यांना मिळणारा संदेश आधी मुद्दाम चुकीचा केला जायचा, त्यामुळं जागा शंभर मीटरनं इकडंतिकडं व्हायची. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं ही चूक घालणं बंद झालं. आणि लगेच, ३ मे २००० रोजी, ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं एका बादलीत काही वस्तू ठेवून ती रानात लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जगजाहीर केले. म्हणाला, या आणि शोधा. काही दिवसांतच ती सापडलीसुद्धा. माइक टीग हा तिथं पहिला पोचला. बादलीत पुस्तकं होती, गलोल होती आणि चक्क उसळीच्या बियांचा एक डबासुद्धा होता! त्या एका बादलीपासून सुरू झालेला हा खेळ आज दीडशेहून जास्त देशांत पसरलाय आणि असे तीस लाखांच्या वर डबे जगभर लपवलेले आहेत.

तसं पाहिलं तर ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं १८५४ मध्ये एक बाटली ठेवली होती. इतक्या अवघड जागी जो चालत येईल, त्यानं आपलं नावाचं कार्ड त्या बाटलीत टाकून जायचं. पुढं त्यातूनच पत्रपेट्या शोधण्याचा छंद तिथं सुरू झाला.

या खेळाचे नियम मला फार आवडले. पहिला नियम, खणायचं नाही. डबा जमिनीत पुरायचा नाही आणि शोधणाऱ्यानं कुदळ-फावडं वापरायचं नाही. दुसरा, एखादी वस्तू घेतलीत तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची वस्तू ठेवायची. तिसरा, डबा जिथं होता तिथंच परत ठेवायचा, म्हणजे मागून येणाऱ्यालाही तो आनंद मिळेल. आणि चौथा नियम, ज्याबद्दल मला आज खरं तर बोलायचंय, तो असा की सापडला तर 'सापडला' म्हणून नोंद करायची आणि नाही सापडला तर 'सापडला नाही' अशीही नोंद करायची. त्यात कमीपणा मानत नाहीत.

आपल्या सोलापूरकरांना हे सगळं अगदीच परकं वाटू नये. श्री सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात शहरात आणि शहराभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली, असं आपण मानतो. गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीच्या आदल्या दिवशी नंदीध्वज या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेकासाठी निघतात. माझ्या शेजारच्या काकू एरवीही ही प्रदक्षिणा करतात. अडुसष्टच्या अडुसष्ट ठिकाणं शोधून काढणं म्हणजे काय सोपं काम आहे? कुठलं रस्त्याच्या कडेला, कुठलं बोळात. त्या सांगतात, "पत्ता माहीत असला तरी पहिल्यांदा जाताना चुकायला होतंच. विचारत विचारत जायचं." मी ख्रिस्ती घरात वाढलेली. त्यांचा देव वेगळ्या नावानं ओळखला जातो, माझा वेगळ्या. पण त्यांचं ते 'विचारत विचारत जायचं' मला चांगलंच कळतं.

कारण टेकडीवरून उतरल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मोबाइल आपल्याला डब्याच्या जवळ नेतो, पण डब्यापर्यंत नेत नाही. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलची जागा साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असते, म्हणजे पंधरा-सोळा फूट. झाडी असली, उंच इमारती असल्या की आणखी फरक पडतो. वीस हजार किलोमीटरवरचा उपग्रह तुम्हाला दगडापर्यंत आणून सोडतो आणि मग गप्प बसतो. शेवटची दहा पावलं तुमची तुम्हालाच चालायची असतात.

श्रद्धेचंही असंच नाही का? आईनं बोट धरून देवळात नेलं, आजीनं हात जोडायला शिकवलं, आमच्याकडं शब्बाथ शाळेत पाठ करून घेतलं, पाळकसाहेबांनी बाप्तिस्मा दिला. हे सगळं खरं आणि मोलाचं. त्यांनी आपल्याला टेकडी चढवून वर आणलं. पण 'आता तुला सापडलं' असं दुसरं कुणी आपल्या वतीनं म्हणू शकत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच वाटेवर आहे. सोलापूरहून पुण्याला रेल्वेनं जाताना दौंड गेलं की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १८५८ साली जन्मलेली, वडिलांकडून आणि आईकडून संस्कृत शिकलेली ही बाई. दुष्काळात आईवडील गेले, त्यानंतर भावाबरोबर ती देशभर पायी हिंडली. कोलकात्यात विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. बंगाली वकिलाशी लग्न झालं आणि आसामकडच्या सिल्चरला असताना तिथं घरातल्या पुस्तकांत तिला बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. हो, सापडलंच! कुणी मुद्दाम हातात दिलं नव्हतं. १८८२ मध्ये पती वारले, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथं त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला!

आता कुणालाही वाटेल की शोध इथं संपला. समाजाशी वैर पत्करून धर्म बदलला, म्हणजे जे हवं होतं ते मिळालंच असणार. पण १९०७ मध्ये रमाबाईंनी आपल्या जीवनाची साक्ष लिहिली, त्यात त्या वेगळंच सांगतात. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला धर्म मिळाला, पण त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त काही आपल्याला अजून भेटलेला नाही. तोवर त्या अमेरिका पाहून आल्या होत्या, भाषणं दिली होती, मुंबईत शारदा सदन काढलं होतं. सगळं जग त्यांना ख्रिस्ती म्हणून ओळखत होतं, काही लोक त्यासाठी शिव्याही देत होते. आणि ही बाई शांतपणे लिहिते की तेव्हा मला सापडलं नव्हतं! पुढं त्यांना सापडलं, आणि कसं सापडलं तेही त्यांनी लिहिलं. त्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच 'ट्रेझर' हा शब्द आहे. कधीही न संपणाऱ्या ठेव्याची साक्ष, असा त्या नावाचा अर्थ.

मला सांगा, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एवढ्या मोठ्या बाईला हे छापून सांगायला संकोच वाटला नाही आणि आपण मात्र आपल्या महिला मंडळात, प्रार्थनासभेत, भजनी मंडळात हे एकदा तरी बोलू शकतो का?

माझ्या ओळखीतल्या एकीची गोष्ट सांगते. नवरा अचानक गेला. दोन मुलं शाळेत. सगळे येऊन सांत्वन करून गेले. तीनेक महिन्यांनी एका बायकांच्या सभेत ती म्हणाली, "मी प्रार्थनेला बसते, पण समोर कुणी आहे असं वाटतच नाही. भिंतीशी बोलल्यासारखं होतं." बस, एवढंच म्हणाली. लगेच एकजण म्हणाली, "असं बोलू नये गं." दुसरी म्हणाली, "विश्वास कमी पडतोय तुझा." तिसरीनं विषय बदलला आणि चहाचं काय ते विचारलं. सगळ्या चांगल्याच बायका होत्या. तिच्या घरी डबे पोचवणाऱ्याही त्याच. पण त्या दिवसानंतर ती सभेला यायची बंद झाली. रविवारी दिसते, हसते, 'सगळं छान' म्हणते. तिला एक धडा मिळाला होता, की इथं फक्त 'सापडलं' अशीच नोंद करायची असते.

आणि ही काही एकट्या आमच्याच मंडळींची गोष्ट नाही. उपास करूनही मन रमत नाही, वारीला जाऊन आले पण रितीच परत आले, नमाज पढते पण ध्यान लागत नाही, हे कुठल्या बाईनं कुठं बोलायचं? घरातल्या देवाधर्माची सगळी जबाबदारी बाईवर. दिवा तिनं लावायचा, सणवार तिनं सांभाळायचे, मुलांना संस्कार तिनं द्यायचे. मग तिलाच शंका आली म्हणजे घराचा पायाच हलला, असं सगळ्यांना वाटतं. म्हणून ती गप्प राहते. पुरुषाला 'मी काही देवबिव मानत नाही' असं पारावर बसून सांगता येतं. त्याला लोक विचारवंत म्हणतात! बाईनं 'मला सापडत नाहीये' एवढं म्हटलं तरी तिचं काहीतरी बिनसलंय असं ठरतं.

या खेळात 'सापडला नाही' ही नोंद फार उपयोगाची असते, हे भाचीनं मला समजावून सांगितलं. लागोपाठ दोघा-तिघांनी तशी नोंद केली की डबा लपवणारा स्वतः तिथं जाऊन बघतो. पावसात वाहून गेला का, कुणी कचरा समजून उचलला का, खूण बदलली का. म्हणजे न सापडल्याची प्रामाणिक नोंद ही एक प्रकारची हाकच असते आणि ती ऐकून लपवणारा येतो. सगळ्यांनी खोटंच 'सापडला, सापडला' लिहिलं असतं तर? डबा कधीच हरवून गेलेला असता आणि कुणाला पत्ताच लागला नसता. मला तर वाटतं, कितीतरी मंडळं आणि सभा अशाच चालल्या आहेत. वहीत नावं भरलेली, आणि डबा जागेवर आहे की नाही हे कुणी बघतच नाही.

शुभवर्तमानात खजिन्याचे दोन दृष्टांत आहेत, ते मला या निमित्तानं पुन्हा वाचावेसे वाटले. मत्तयच्या शुभवर्तमानातला माणूस शेतात लपवलेली ठेव सापडल्यावर आनंदानं सगळं विकतो आणि ते शेतच विकत घेतो. हा दृष्टांत सगळ्यांना माहीत असतो. पण लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा दृष्टांत बाईचा आहे. तिच्याजवळ चांदीची दहा नाणी. एकेक नाणं म्हणजे मजुराची साधारण दिवसभराची कमाई. त्यातलं एक हरवतं. ती दिवा लावते, घर झाडून काढते, कोपरा न् कोपरा बघते आणि ते सापडल्यावर मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावून आनंद करते. किती आपली वाटते की नाही ही बाई? कानातलं हरवलं की आपण काय करतो? अगदी हेच!

पण त्या दृष्टांताची खरी गंमत पुढं आहे. त्यातली बाई म्हणजे आपण नव्हे. आपण ते हरवलेलं नाणं! शोधणारा आहे तो देव. येशूनं देवाला चक्क हातात केरसुणी घेतलेल्या, पदर खोचलेल्या गृहिणीच्या जागी उभं केलंय. पदर खोचणं माझं, केरसुणी त्याची. ज्या विधवेला आपण 'विश्वास कमी पडतो' म्हणून गप्प केलं, तिला खरं तर हे सांगायला हवं होतं की बाई गं, तुझा शोध थकला असेल तर थोडी बस. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी दिवा घेऊन शोधतंय. नाण्याला कुठं कळतं की आपण हरवलोय, आणि आपल्यासाठी घर झाडलं जातंय?

म्हणून हा खेळ आणि श्रद्धा यांची तुलना मी फार ताणणार नाही. खेळात लपवणारा डबा ठेवून निघून जातो आणि आपण शोधतो. श्रद्धेत, निदान माझ्या श्रद्धेत, तो निघून जात नाही. खेळात न सापडलं तर एक रविवार वाया जातो. श्रद्धेत न सापडण्याच्या त्या दिवसांत माणूस आतून पोखरत जातो. तेव्हा तिथं एकमेकींना सांभाळून घेणं जास्तच गरजेचं.

एक दोन गोष्टी तरी आपण करू शकतो. पहिली म्हणजे सभेत साक्ष द्यायची असते, अनुभव सांगायचे असतात, तेव्हा महिन्यातून एखादा दिवस असा ठेवावा, की त्या दिवशी 'सापडलं नाही' असं सांगणारीचंही ऐकून घ्यायचं. उपदेश नाही, वचन नाही, उपाय नाही. फक्त ऐकायचं, आणि निघताना तिचा हात हातात घ्यायचा. रमाबाईंना त्यासाठी आठ वर्षं लागली होती, एवढी आठवण ठेवली तरी आपली घाई कमी होईल.

दुसरी गोष्ट म्हणजे, मैत्रिणींनो, खरोखरच एकदा हा खेळ खेळून बघा! त्यासाठी परदेशी संस्थेत नाव घालायलाच हवं असं काही नाही. चर्चच्या किंवा शाळेच्या आवारात, सोसायटीच्या बागेत, कुणाच्या शेतात, मालकाला विचारून, पाच-सहा डबे ठेवा. आवळ्याच्या सुपारीची रिकामी डबी चालेल, चटणीची बरणी चालेल. आत एक चिठ्ठी आणि पेन्सिल. मुलांना आणि त्यांच्या आयांना जोडीजोडीनं शोधायला पाठवा. मोबाइल नसला तरी चिंचेच्या झाडापासून वीस पावलं पूर्वेला, अशा खुणा पुरतात. मात्र काही पथ्यं पाळा. डबा पारदर्शक असू द्या आणि त्यावर तो कशाचा आहे ते ठळक लिहा, कारण आजकाल बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. स्टेशन, बसस्टँड, सरकारी कचेरी अशा जागा नकोतच. भुईकोट किल्ल्यासारख्या जुन्या वास्तूंच्या दगडांत काही खुपसू नका. खणायचं तर मुळीच नाही. आणि चुकून खरंच जुनं धन सापडलं तर? १८७८ च्या कायद्याप्रमाणं दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन मिळालं की ते कलेक्टरला कळवावं लागतं, बरं का! उजेडात जा, दोघी-तिघी मिळून जा, घरी सांगून जा.

'घरी सांगून जा' असं लिहिताना मनात एक विचार येतोच. काही कारण नसताना, नुसतं काहीतरी शोधायला म्हणून घराबाहेर पडलेल्या बायका आपल्या गावांत किती? भाजीला जातो, दवाखान्यात जातो, मुलांना आणायला जातो, देवाला जातो. पण दगडांच्या फटीत डोकावत बसलेली पन्नाशीची बाई लोकांना विचित्र वाटते. टेकडीवर फिरायला आलेल्या एका आजोबांनी मला विचारलं, "काही हरवलं का ताई?" मी म्हटलं, "नाही हो, शोधतेय." त्यांना काही ते उलगडलं नाही. काही हरवलेलं नसतानाही शोधता येतं, हे आपल्याकडं पुरुषांनाही नवं आणि बायकांना तर फारच नवं.

रमाबाई शोधत राहिल्या, तेव्हा त्यांना काय सापडलं ते आपण केडगावला जाऊन आजही बघू शकतो. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना त्यांनी आसरा दिला. हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून निघालं, तेही मुक्तीतल्या बायकांच्या हातून. आपल्याला मिळालेली ठेव त्यांनी नागासारखी वेटोळं घालून राखली नाही. होती तिथं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाताला लागेल अशी ठेवली.

तेव्हा पुढच्या वेळी मंडळात कुणी डोळे खाली घालून म्हणाली, "मला काही जाणवत नाही गं," तर तिला 'असं बोलू नये' म्हणू नका. तिच्याशेजारी सरकून बसा. ती टेकडी चढून आलेली आहे, घरी बसलेली नाही. शेवटची दहा पावलं तिची तिलाच चालायचीत. पण तोवर दिवा धरायला आपण आहोत ना?